गावाच्या नावावर एक पुस्तक

एप्रिल महिन्यात चंद्रपूरला निघालेल्या माणसाकडे लोक दोनच नजरांनी पाहतात. एक तर याची शिक्षा म्हणून बदली झाली असावी, नाहीतर याचं डोकं आधीच तापलेलं असावं. मी पुण्याच्या एका महाविद्यालयाचा निवृत्त ग्रंथपाल. माझी बदली करायची ताकद आता कोणात उरलेली नाही. तेव्हा राहिलेलं कारण तुम्ही समजून घ्या.

झालं असं, की तिकडच्या एका विद्यापीठाला आपली सगळी ग्रंथालयं एका संगणकात आणायची होती. गडचिरोलीचं मध्यवर्ती ग्रंथालय, दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांची कपाटं आणि जंगलाकडच्या गावांतली लहान लहान वाचनकेंद्रं, या सगळ्यांची मिळून एकच यादी. कोरपन्याच्या मुलीला हवं असलेलं पुस्तक भद्रावतीत आहे, हे तिला घरबसल्या फोनवर कळावं. कल्पना फार चांगली. ती राबवायला त्यांनी मला बोलावलं, एवढाच तिच्यातला दोष.

"तुम्हाला संगणकातलं कळतं?" निघताना बायकोने विचारलं.

"शिकवण्यापुरतं कळतं," मी म्हटलं.

भद्रावती

चंद्रपूरहून भद्रावतीची एसटी धरली. खिडकी बंद ठेवावी तर शिजतो, उघडावी तर भाजतो. शेजारच्या आजोबांनी माझ्या पुणेरी टोपीकडे बराच वेळ दयेने पाहिलं आणि मग म्हणाले, "दुपट्टा बांधा भाऊ. टोपीनं काई होत नाई. टोपी फोटोसाठी असते." उतरल्या उतरल्या मी दुपट्टा घेतला. तो बांधायला मात्र दुकानदार लागला, आणि त्याने तो इतका घट्ट बांधला की पुढचे दोन तास मला सगळं जग एका कानानेच ऐकू येत होतं.

माझं काम चिकटवाचिकटवीचं. साबणाच्या वेष्टनावर असते तशी उभ्या रेघांची पट्टी प्रत्येक पुस्तकाला लावायची, हातातल्या यंत्राने ती टिपायची, 'टुक' असा आवाज आला की पुस्तक संगणकात गेलं. भद्रावतीच्या वाचनालयात दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतले निवृत्त लोक पेपर वाचत बसले होते. ते पान इतक्या हळू उलटतात, की चुकून ते फुटेल असं वाटावं. त्यांच्यासमोर मी तासभर व्याख्यान दिलं. जुनी पद्धत कशी वेंधळी, नवी कशी अचूक, पुस्तक जगात कुठेही जावो, आपल्याला दिसतं.

व्याख्यान संपल्यावर तिथली सहायक बाई हळूच म्हणाली, "सर, जरा वळा नं."

मी वळलो. पाठीमागे 'टुक' झालं.

"सर, तुमी 'उपलब्ध' दाखवून राह्यले."

माझ्या पँटच्या मागच्या खिशाला एक पट्टी चिकटलेली होती. सकाळपासून असावी. मी बेफिकीर चेहरा करून विचारलं, "विषय कुठला दिसतोय?"

"पशुपालन."

वसाहतीतल्या मंडळींनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवले.

कोरपना

कोरपन्याला एका बाजूला कापसाची शेतं, दुसऱ्या बाजूला सिमेंटचे कारखाने. कपाटातल्या पुस्तकांवर बसलेली धूळ दोन्हीकडची असल्यासारखी, मऊही आणि जडही. तिथल्या ग्रंथपालांनी जुन्या पातळाच्या फडक्याने एक जाडजूड पुस्तक पुसून माझ्यासमोर उघडलं. पहिल्या पानावर शिक्केच शिक्के. सगळ्यात खाली, फिकट जांभळा, कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचा. त्यावर तिरका एका महाविद्यालयाचा. मग जुन्या विद्यापीठाचा, आणि सगळ्यात वर, गर्द निळा, नव्या विद्यापीठाचा.

"हे पुस्तक कुठी गेलं नाई सर," ते म्हणाले. "याच कपाटात हाय. मालक बदलत गेले."

ग्रंथालयाचा इतिहास लिहायला लोक समित्या नेमतात. इथे तो एका पानावर मावला होता. मला तो इतका आवडला, की मी माझी पट्टी भक्तिभावाने त्याच पानावर लावली, आणि बरोब्बर त्या फिकट जांभळ्या शिक्क्यावर. काढायला गेलो तर शिक्काही निघून आला. ग्रंथपालांनी मला फक्त चहा पाजला, आणि त्यात साखर बेताची होती.

मार्कंडा

रविवारी काम बंद, म्हणून मार्कंड्याला गेलो. वैनगंगेच्या काठावरचं ते दगडी मंदिर पाहून मान अवघडते. एकेका हाताएवढ्या जागेत शिल्पकाराने अख्खी वरात बसवली आहे. आमच्याकडच्या नद्या पुलावरून ओळखायच्या असतात. इथे नदी पाहायला वाळूतून चालत जावं लागतं. यात्रेच्या दिवसांत म्हणे पाय ठेवायला जागा नसते. मला जागा भरपूर होती, पण पाय ठेवता येत नव्हता. चपला बाहेर काढून मी भर दुपारच्या दगडी फरशीवर उतरलो होतो. देवळाची मागची बाजू मी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, असं बघत गेलो. सावलीत बसलेल्या फुलवाल्या बाईला वाटलं मी नवस फेडतोय. तिने हात जोडले.

तिनेच नदीबद्दल सांगितलं. दक्षिणेला निघालेली वैनगंगा इथे उत्तरेला वळते. "काई विसरलं असन," ती म्हणाली, "म्हणून वापस पायते."

मला ते वाक्य छान वाटलं, आणि मी ते तिथेच विसरून आलो.

पिपरगाव

आता खरी गोष्ट. गडचिरोलीकडच्या जंगलात पिपरगाव नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथे विद्यापीठाचं एक वाचनकेंद्र आहे. दोन खोल्या, सागवानी कपाटं, वर मंगलोरी कौलं. केंद्र चालवतात मंदाबाई. वय पन्नाशीकडे झुकलेलं, आवाज बाजारात ऐकू जाणारा. 'वाचकाला हवं ते द्यावं' हे आमच्या शास्त्रातलं तत्त्व त्यांना अजिबात मान्य नाही. कुणी रहस्यकथा मागितली, की आधी एक शेतीचं नाहीतर आरोग्याचं पुस्तक वाचून यायचं, मग रहस्यकथा. त्यावर तोंडी परीक्षाही असते. पोरं त्यांना घाबरून असतात आणि पोरांचे बाप त्याहून जास्त.

मी आत शिरलो आणि थबकलो. कपाटं जवळजवळ रिकामी.

"पुस्तकं कुठं आहेत?"

"गावाईत."

"कुठल्या गावांत?"

"आजूबाजूच्या. मोह पडून राह्यला नं सर."

मोहाच्या झाडाची फुलं आणि ग्रंथालयाची कपाटं यांचा संबंध माझ्या लक्षात येईना. तेव्हा बाईंनी मला बसवून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"मोहफूल पहाटे पडते. बाया, पोट्टे सारे जाऊन येचते. मंग आणून अंगणात वाळू घालते. आता गाई-बकऱ्या तोंड घालन म्हणून कोणाले तरी दिवसभर राखत बसा लागते का नाई? बसलेला माणूस काय करन? वाचते. आमच्याकडे हाच वाचाचा सीजन. तुमच्याकडे कधी असते?"

आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात असतो, हे मी सांगितलं नाही.

मला एक अवघड काम दिलेलं होतं आणि ते कसं काढावं याचा मी विचार करत होतो. ज्या केंद्रांचा वापर नाही ती बंद करून त्यांची पुस्तकं गडचिरोलीला न्यायची, असं विद्यापीठाच्या समितीच्या मनात होतं. वापर आहे की नाही, हे माझ्या अहवालावरून ठरणार होतं. मी घसा साफ केला.

"तुमी बंद कराले आले, मले माहीत हाय," मंदाबाई म्हणाल्या. "पयले जेवून घ्या."

जेवताना त्याच पुढे म्हणाल्या, "मले गडचिरोलीले टेबल भेटन, पंखा भेटन. माहं नुकसान काईच नाई. पण इथून तिथं दोन बस बदला लागते सर. एका कादंबरीसाठी कोण दोन बस बदलन?"

वापर होता हे उघड होतं, पण तो संगणकाला दाखवायचा कसा? मंदाबाईंची पद्धत अशी, की पुस्तक माणसाच्या नावावर जायचंच नाही. गावाच्या नावावर जायचं. पुस्तकाच्या कार्डावर नुसतं 'कोसमटोला' नाहीतर दुसऱ्या गावाचं नाव. गावातलं जे कोणी बाजाराला येईल ते परत आणणार, नवं नेणार. आणि आमच्या संगणकाला हवं होतं माणसाचं नाव, आडनाव, वडलांचं नाव, जन्मतारीख, फोन. गाव त्याला चालेना.

इथे माझ्या बुद्धीने उडी घेतली. म्हटलं, तात्पुरतं सगळं मंदाबाईंच्या नावावर टाकू. दुपारभर बसून मी सगळ्या बाहेरगावी गेलेल्या पुस्तकांच्या नोंदी त्यांच्या खात्यावर चढवल्या आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

सकाळी मंदाबाई संगणकासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"सर, हे मले आत घेऊन नाई राह्यलं."

पडद्यावर लिहिलं होतं: आपले सभासदत्व स्थगित करण्यात आले आहे. कृपया ग्रंथपालांशी संपर्क साधावा.

"मी ग्रंथपालाशी संपर्क साधला," मंदाबाई स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या. "थे म्हणते, पुण्याच्या माणसाले विचारा."

तेवढ्यात गडचिरोलीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून उपग्रंथपालांचा फोन. पिपरगावात फोन वाजतो कुठेही, पण बोलणं ऐकू येतं ते पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरच, तेव्हा मी जिन्यावर धावलो. माणूस भला, पण आवाजात काळजी होती. "सबनीससाहेब, इथे असं दिसतंय की एका बाईंनी अख्खं केंद्र घरी नेलंय."

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गावाच्या नावावर पुस्तक? आणि बुडालं तर धरायचं कोणाला?"

प्रश्न रास्त होता. "एखादं गाव बघून या," ते म्हणाले. "मग ठरवू."

कोसमटोला

मंदाबाईंच्या स्कूटरवर मागे बसून, नेटवर्क नसतानाही नोंदी घेणारा लॅपटॉप पोटाशी धरून मी कोसमटोल्याला गेलो. वाटेत मोहाचा गोडसर, डोक्यात चढणारा वास. अंगणाअंगणांत फुलं वाळत घातलेली आणि प्रत्येक अंगणाच्या कडेला कोणीतरी बसलेलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पुस्तक. बकरी आली की काठी हलायची, डोळे पुस्तकातच.

गावाच्या मधोमध गोटूल. म्हणजे सगळ्या गावाची बसायची, ठरवायची, गाणी म्हणायची जागा. लाकडी खांबांवर उभं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन. एका कोपऱ्यात फळीवर पुस्तकं. गावाचे भूमिया, म्हणजे गावच्या देवाचं आणि जमिनीचं पाहणारे, दसरूभाऊ मडावी, आधीच येऊन बसले होते. "जोहार," ते म्हणाले. मीही म्हटलं. मग त्यांनी माझा प्रश्न ऐकला, की पुस्तक एका माणसाच्या नावावर का नको.

"तळं गावाचं हाय," ते म्हणाले. "जंगल गावाचं हाय. मंग पुस्तक काऊन एका माणसाचं?"

मी पुण्याच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या रेषेवरून चार वर्षं भांडतो आहे.

जेवणात भात, अंबाडीची भाजी आणि एक आंबटतिखट चटणी. ती मी तीनदा मागून घेतली आणि मग विचारलं कशाची. लाल मुंग्यांची. घास तोंडातच राहिला. सगळं गोटूल माझ्या घशाकडे बघत होतं. मी गिळला, आणि चौथ्यांदा मागितली. त्यानंतर मला कोणी 'साहेब' म्हटलं नाही. 'पावना' म्हणायला लागले.

दुपारी उन्हात कोणी बाहेर पडत नाही. तेव्हा गोटूलात वाचन. सुमन नावाची मुलगी, पिपरगावच्या कॉलेजात शिकणारी, एक कव्हर नसलेली रहस्यकथा रोज मोठ्याने वाचून दाखवायची. गावाबाहेरच्या बंगल्यात एका सावकाराचा खून झालेला, संशयित पाच. सुमनचा घसा बसलेला होता.

"पावन्याले वाचू द्या," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पण एक हाय. पुढचं पान एकट्यानं वाचाचं नाई. सारे बसल्याशिवाय नाई."

मी पुणेरी थाटात, प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढून वाचलं. इन्स्पेक्टरला तर मी असा आवाज दिला की एक तान्हं मूल रडत उठलं. थांबलो तेव्हा इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करत होता आणि बाहेर फुलं गोळा करायची वेळ झाली होती.

"तुमचं आवाजाचं काम चांगलं हाय," एक आजी म्हणाली. "चेहऱ्याचं राहू द्या."

मग सगळ्यांच्या साक्षीने आम्ही गावाला सभासद करायला बसलो. संगणकात 'संस्था' म्हणून एक प्रकार होता, त्यात शिरकाव मिळाला. पण अर्ज माणसाचाच. नाव: कोसमटोला. वडलांचं नाव? दसरूभाऊ म्हणाले, "जंगल लिवा." लिंग? बायांच्या बाजूने ताबडतोब आवाज आला: "पाणी आमी भरतो, मोह आमी येचतो. बाई लिवा." पुरुषांनी छपराकडे बघितलं. बाई लिहिलं. जन्मतारीख?

"त्या मोठ्या मोहाच्या आधी," दसरूभाऊ गावाच्या टोकाच्या झाडाकडे हात करून म्हणाले. "आनं थो मोह माह्या आजाच्या आधी."

संगणकाला मोह समजेना. म्हणून मी त्या दिवसाचीच तारीख टाकली. त्याबरोबर संगणकाने गाव तान्हं बाळ ठरवून बालविभागात घातलं आणि फक्त चित्रांची पुस्तकं देऊ केली. शेवटी कंटाळून मी माझीच जन्मतारीख घातली. फोन नंबरही माझाच, कारण गावात फोन लागत नाही आणि रकाना रिकामा सोडता येत नाही.

राहिला उपग्रंथपालांचा प्रश्न, बुडालं तर धरायचं कोणाला. मी नियम सुचवला, की एक पुस्तक राहिलं तर गावाला नवं पुस्तक मिळणार नाही. यावर चर्चा सुरू झाली आणि मला कळलं की इथे हात मोजत नाहीत. सगळ्यांचं 'हो' येईपर्यंत ठरत नाही. सगळे झाले, पण चेहऱ्याचं राहू द्या म्हणणारी आजी अडली. तिचं नाव चिमाबाई.

"एकानं ठेवलं तं सारे काऊन उपाशी?"

अर्धा तास कोणी तिला समजावलं नाही. नुसते बसून राहिले. मग तीच म्हणाली, "ज्याच्याकडे राह्यलं, त्याच्या अंगणात सारं गाव जाऊन बसन. पुस्तक निघेवरी उठन नाई. असं असन तं हो."

सगळे हसले, आणि ठरलं.

संध्याकाळी निघताना मी त्या रहस्यकथेची खिळखिळी झालेली शिवण पाहिली. म्हटलं पिपरगावला नेऊन जरा डिंक-दोरा करू, पट्टीही लावू. सुमनने मान हलवली. पुस्तक पिशवीत गेलं. पिपरगावला शिवण घातली, पट्टी लावली, कोसमटोल्याच्या नावावर नोंद केली. बाकीची गावं याच रीतीने सभासद करून स्वतःचं खातं मोकळं करायचं काम मंदाबाईंनी अंगावर घेतलं. मग मंदाबाई ओरडायला लागल्या, की गडचिरोलीची बस लागली, आणि मी धावलो.

उपग्रंथपालांनी माझा अहवाल वाचला. "हंगाम संपेपर्यंत बघू," ते म्हणाले. "मेअखेरीस गावांकडची पुस्तकं वेळेवर आली, तर केंद्र राहील, असं मी समितीपुढे मांडीन. एक जरी थकलं, तर माझ्याकडे तोंड नाही."

मी छाती पुढे काढून म्हटलं, "माझी खात्री आहे."

पुणे

घरी येऊन मी महिनाभर जो भेटेल त्याला सांगत सुटलो. सोसायटीच्या बैठकीत तर मी पार्किंगचा प्रश्न गोटूलासारखा सोडवायचा प्रस्ताव मांडला. सगळ्यांचं 'हो' येईपर्यंत बसून राहू म्हटलं, तर सगळे उठून गेले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात फोनवर एक संदेश आला. 'आपल्या गावाकडे एक पुस्तक परत येणे बाकी आहे. ते जमा होईपर्यंत नवीन पुस्तके मिळणार नाहीत.'

माझ्या गावाकडे? मी हसलो. मग लक्षात आलं की हा नंबर कोणाचा आहे. मग चिडलो, की हे लोक बघा, सांगून सांगून थकलो तरी एक पुस्तक ठेवलंच कुणीतरी. काय बेजबाबदारपणा! आता केंद्र जाणार. मी तावातावाने मंदाबाईंना फोन लावला आणि त्या टाकीच्या जिन्यावर पोचेपर्यंत धरून ठेवला.

"कोसमटोल्याचं एक पुस्तक थकलंय!"

"माहीत हाय," मंदाबाई म्हणाल्या.

"कोणाकडे आहे काही कळलं का?"

"साऱ्या गावानं घरोघरी पायलं. कोणाकडे नाई. मंग सुमन म्हणे, कव्हर नसलेलं होतं थे पावन्याच्या पिशवीत गेलं होतं. सर, तुमची पिशवी कुठी हाय?"

पिशवी कपाटावर होती. मी खुर्चीवर चढून ती काढली. आत माझा दुपट्टा होता, त्यात घडी घातलेलं ते पुस्तक, शिवण नीट, माझी पट्टी नीट.

"चिमाबाई विचारून राह्यली," मंदाबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगणात किती माणसं मावते?"

आमच्या फ्लॅटला अंगण नाही, साडेतीन फुटांची बाल्कनी आहे. मी म्हटलं, आजच कुरिअर करतो.

"कुरिअर नका करजा. तिथवर पोचत नाई थे. आनं वाचणारा कुठी हाय? तुमीच अर्ध्यात थांबले. सारं गाव दिवाणखान्यात बसून हाय."

मी रात्रीचं तिकीट काढलं. बायकोने विचारलं, "पुन्हा? तेही मे महिन्यात?" मी म्हटलं, गावाला परत जायचंय. ती म्हणाली, तुमचं गाव वाई. गाडीत पुस्तक मांडीवर होतं. माझ्या आयुष्यात मी कित्येक रहस्यकथांची शेवटची पानं आधी वाचली आहेत, तो माझा जुना चाळा. या वेळी दोनदा बोट शेवटापर्यंत गेलं आणि परत आलं. शेवटी समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थांना मी पुस्तक सांभाळायला दिलं आणि सांगितलं, मी मागितलं तरी देऊ नका. त्यांनी मला वेडा समजून वर्ध्याला जागा बदलली, तेव्हा पुस्तक परत माझ्याकडे आलं. तरीही वाचलं नाही. एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा.

पिपरगावला मंदाबाईंनी यंत्र उचललं. 'टुक.' पडद्यावर लिहून आलं: जमा. थकबाकी नाही. त्यांनी लगेच उपग्रंथपालांना कळवण्यासाठी मला टाकीच्या जिन्यावर पिटाळलं. "बरं झालं," ते म्हणाले, आणि मी पहिल्यांदाच त्यांचा सुटकेचा श्वास ऐकला. "उद्या बैठक आहे. मांडतो मी. केंद्र राहील." आणि मग हळूच, "पण उशीर झाला कोणामुळे?"

"गावातल्याच एका माणसामुळे," मी म्हटलं.

मंदाबाईंनी तेच पुस्तक तिथल्या तिथे पुन्हा कोसमटोल्याच्या नावावर दिलं, आणि आम्ही निघालो.

विडीसाठी तेंदूपत्ता तोडायचं सकाळचं काम उरकून सगळे गोटूलात बसले होते. चिमाबाईने शेजारची जागा हाताने झटकली, तिथे बसलो. तीन दुपारी वाचलं. इन्स्पेक्टर एकेकाकडे बोट करत गेला. सावकाराच्या भावावर संशय, मुनिमावर संशय, बायकोवर संशय, डॉक्टरवरही. शेवटच्या परिच्छेदात तो खिडकीशी गेला, वळला आणि म्हणाला, "खुनी या खोलीतच आहे, आणि त्याचं नाव..."

मी पान उलटलं. पुढे पान नव्हतं. वाळवीने खाल्लेली पुठ्ठ्याची कड फक्त.

मी ते उलटंसुलटं करून पाहिलं. शिवताना माझ्या हे लक्षात कसं आलं नाही, हे विचारू नका. मी ओशाळून वर पाहिलं, तर सगळं गाव आरामात पाय पसरून बसत होतं.

"थे पान आमच्याकडे आलं तवापासून नाई," सुमन म्हणाली. "दर साली आमी ठरवतो. खुनी कोण."

"गेल्या साली मुनीम होता," दसरूभाऊ म्हणाले. "त्याच्या आधी बायको. पण तिच्यावर बाया नाई म्हणून बसल्या, चार दिवस लागले."

मग सुरू झालं. एक म्हणे भाऊ, एक म्हणे डॉक्टर. कोणी कोणाला तोडत नव्हतं, सगळं ऐकून घेत होते. ऊन खांबांवरून सरकत माझ्या पायांशी आलं, तेव्हा चिमाबाई म्हणाली, "माह्या मतानं खुनी या खोलीत नव्हताच. थो पुस्तकच घेऊन पुण्याले गेला होता."

मग एकेक 'हो' यायला लागलं. बायांचं आलं, पुरुषांचं आलं, सुमनचं हसत हसत आलं, दाराशी टेकलेल्या मंदाबाईंचं सगळ्यात मोठ्याने आलं. दसरूभाऊंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"एक राह्यलं," ते म्हणाले. "तुमचं. गावातल्या एकाचंही 'हो' नसन तं ठरत नाई."

सगळे माझ्याकडे बघत बसले. कोणाला घाई नव्हती. मी अर्धा तास अडून राहिलो असतो, तर तेही अर्धा तास बसले असते.

मी म्हटलं, "हो."